ट्रोपोनिन वाढले : झटका की इशारा?



हल्ली तालुक्याच्या गावातील लॅबोरेटरीतही हृदयासाठी रक्ताच्या दोन तपासण्या होऊ लागल्या आहेत. एकीचे नाव ट्रोपोनिन, दुसरीचे बीएनपी. तपासणी सोपी आहे, पण तिचा कागद हातात पडला की घरात गोंधळ उडतो. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांचा रिपोर्ट घेऊन मुलगा दवाखान्यात येतो, ठळक अक्षरात छापलेल्या आकड्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "डॉक्टर, बाबांचा हा आकडा वाढलाय. आजच्या आज पुण्याला हलवायचं का?" याच्या अगदी उलट प्रकारही घडतो. आजींना पहाटेपासून धाप लागलेली असते, घाम सुटलेला असतो, पण घरचे सांगतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, गॅस झाला असेल."

पहिल्या घरी विनाकारण घबराट आणि खर्च होण्याचा संभव असतो. दुसऱ्या घरी प्राण जाण्याचा संभव असतो. दोन्हीकडे गफलत एकच : एकट्या आकड्यावरून निकाल लावला जातो. तरुण माणसापेक्षा वृद्धांच्या बाबतीत ही गफलत अधिक होते. म्हणून आजच्या लेखात हे आकडे म्हातारपणी कसे वाचावेत, ते पाहू.

ट्रोपोनिन म्हणजे काय?

आपल्या हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो तो त्यातील अतिसूक्ष्म तंतू एकमेकांवर सरकतात म्हणून. या सरकण्यावर ताबा ठेवणारे प्रथिन म्हणजे ट्रोपोनिन. त्याचे 'टी' आणि 'आय' हे दोन प्रकार तपासणीत मोजले जातात. हृदयातील ट्रोपोनिन हातापायांच्या स्नायूंतील ट्रोपोनिनपेक्षा वेगळ्या घडणीचे असते. स्नायूच्या पेशीला इजा झाली की ते रक्तात उतरते. त्यामुळे रक्तात ते जास्त सापडले, तर हृदयाच्या स्नायूला कोठेतरी इजा पोचली आहे, असा अर्थ होतो.

झटका रक्तावरून ओळखण्याची खटपट जुनी आहे. १९५४ साली एसजीओटी या घटकाचा उपयोग त्यासाठी होऊ शकतो असे दिसून आले. आज ही तपासणी आपण यकृतासाठी करतो. पुढे सीपीके-एमबी आली, पण तो घटक इतर स्नायूंतही थोडा असतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ह्यूगो काटुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत विकसित केली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी हृदयविकाराच्या झटक्याची नवी व्याख्या केली आणि तीत ट्रोपोनिनला अग्रस्थान दिले. त्यानंतर आलेल्या अतिसंवेदनशील पद्धतींमुळे आता अगदी लेशमात्र ट्रोपोनिनही मोजता येते.

हा मोठा फायदा आहे. पण चाळणी जितकी बारीक, तितके तिच्यात अडकणारे अधिक. वृद्धांच्या बाबतीत नेमके तेच होते.

म्हातारपणी आकडा मुळातच वर का असतो?

रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल'ची मर्यादा निरोगी लोकांच्या रक्तावरून ठरवलेली असते. शंभरांपैकी नव्याण्णव निरोगी माणसे ज्या आकड्याखाली असतात, तो आकडा म्हणजे मर्यादा. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन टीसाठी ती लिटरला १४ नॅनोग्रॅम धरतात. पण ज्यांच्या रक्तावरून ती ठरली, त्यांत तरुण आणि मध्यमवयीन माणसे पुष्कळ. पंच्याहत्तरी गाठलेल्या माणसाचे हृदय वर्षानुवर्षे रक्तदाब सोसून जाड झालेले असते. मूत्रपिंडे मंदावलेली असतात, कुणाला मधुमेह असतो. अशा माणसाचा आकडा झटका आलेला नसतानाही चौदाच्या वर असू शकतो, आणि हे विरळा नाही.

याखेरीज न्यूमोनिया, अंगात भिनलेला जंतुसंसर्ग, रक्त फार कमी होणे, नाडी अतिशय जलद व अनियमित चालणे, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे, पक्षाघात, हृदयाची ताकद कमी होणे या सर्व अवस्थांत ट्रोपोनिन वाढते. कधी हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली नसते, पण ताप, वेगवान नाडी आणि कमी झालेले रक्त यांमुळे हृदयाला लागणारा प्राणवायू आणि मिळणारा प्राणवायू यांचा मेळ बसत नाही. तेव्हाही स्नायूला खरीखुरी इजा होते. त्यावर इलाज मात्र मूळ कारणाचा करावा लागतो.

धूर चुलीचा की आगीचा?

मग झटका ओळखायचा कसा? एक घरगुती दाखला देतो. कौलांतून धूर निघताना दिसला, तर आत काहीतरी पेटले आहे एवढे निश्चित. पण ती चूल आहे की घराला आग लागली आहे, हे एका नजरेत कळत नाही. थोडा वेळ पाहिले की कळते. चुलीचा धूर एका लयीत राहतो, आगीचा धूर बघता बघता वाढतो.

ट्रोपोनिनचेही तसेच आहे. मूत्रपिंडाच्या किंवा जुन्या रक्तदाबाच्या रुग्णात आकडा वर असला तरी तो बराचसा स्थिर राहतो. ताज्या झटक्यात तो तासातासाला चढतो आणि पुढे काही दिवसांनी उतरतो. म्हणून एक ते तीन तासांनी, आणि जुन्या पद्धतीची तपासणी असेल तर सहा तासांपर्यंत, दुसरा नमुना घ्यावा लागतो. पहिला आकडा आधीच वाढलेला असेल, तर दोहोंत वीस टक्क्यांहून अधिक फरक पडला की ताजी इजा आहे असे साधारणपणे मानतात.

माझ्याकडील दोन रुग्णांची उदाहरणे देतो. ओळख पटू नये म्हणून नावगाव देत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक शेतकरी चार दिवसांच्या ताप-खोकल्याने आले. ट्रोपोनिन टी ३८ आले आणि घरच्यांचे धाबे दणाणले. कार्डिओग्राम दोन वर्षांपूर्वीच्या कार्डिओग्रामसारखाच होता. क्रिएटिनिन २.१, म्हणजे मूत्रपिंडे थकलेली. तीन तासांनी आकडा ४० आला. आग नव्हती, चूल होती. फोटोत न्यूमोनिया दिसला, त्यावर उपचार झाले आणि आठवड्याने आजोबा घरी गेले.

दुसऱ्या बहात्तर वर्षांच्या आजी, मधुमेही. छातीत दुखत नव्हते. सकाळपासून मळमळ, दोन उलट्या आणि "अंगात त्राणच नाही" एवढीच तक्रार. पहिला आकडा १६, म्हणजे मर्यादेच्या जरासा वर. तीन तासांनी ११८. हा झटका होता. पहिल्या आकड्यात ३८ आणि १६ यांची तुलना केली असती, तर आजोबाच अधिक धोक्यात वाटले असते. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण येथे एका शिताने भागत नाही.

पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तर

ट्रोपोनिन रक्तात उतरायला वेळ लागतो. दुखू लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत घेतलेल्या रक्तात ते मर्यादेत असू शकते. लहान लॅबोरेटरीत पट्टीच्या कार्डावर जी झटपट तपासणी होते, तिला थोडे ट्रोपोनिन दिसतही नाही. तेव्हा 'निगेटिव्ह' हा शब्द वाचून रुग्णाला घरी नेऊ नका. "दुखणे किती वाजता सुरू झाले आणि रक्त किती वाजता घेतले?" हा प्रश्न स्वतः डॉक्टरांना विचारा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्डिओग्राम. झटक्याची शंका आल्यास रुग्ण पोचल्यापासून दहा मिनिटांत तो काढला जावा, असा दंडक आहे. त्यात रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची स्पष्ट खूण दिसली, तर ट्रोपोनिनची वाट पाहायची नसते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी यांचा निर्णय तत्काळ घ्यायचा असतो. तेथे गेलेला प्रत्येक तास म्हणजे हृदयाचा मेलेला तुकडा.

वृद्धांच्या बाबतीत छातीत कळ येऊन डाव्या हातात जाणे ही पुस्तकी लक्षणे पुष्कळदा नसतात. एकाएकी लागलेली धाप, दरदरून घाम, उलटी, विलक्षण थकवा, चक्कर येऊन पडणे किंवा अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे हीच लक्षणे असू शकतात. "वय झालं, असं व्हायचंच," हे वाक्य अशा वेळी फार महागात पडते.

आणखी एक बारीक पण उपयुक्त माहिती. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन नावाचे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असते. काही यंत्रांवर त्यामुळे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत इशारा दिला होता. अशा गोळ्या घेत असाल, तर रक्त देताना तसे सांगा.

झटका नाही, मग विसरून जायचे का?

येथे मला आजच्या लेखातील मुख्य मुद्दा मांडायचा आहे. आकडा थोडा वाढलेला आहे, पण स्थिर आहे, झटका नाही, असे सांगितले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि कागद कपाटात जातो. तसे करू नये.

अमेरिकेत १९८९ साली चार ठिकाणच्या, पासष्टी पार केलेल्या हजारो स्त्रीपुरुषांचा एक अभ्यास सुरू झाला. त्याचे नाव कार्डिओव्हॅस्क्युलर हेल्थ स्टडी. त्यातील हार्ट फेल्युअर नसलेल्या, आपापल्या घरी राहणाऱ्या ४,२२१ जणांच्या साठवलेल्या रक्तात अतिसंवेदनशील पद्धतीने ट्रोपोनिन टी मोजले गेले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीनांपैकी सुमारे दोघांच्या रक्तात ट्रोपोनिन सापडले. पुढील दहाहून अधिक वर्षांच्या नोंदींत, ज्यांचा आकडा जितका अधिक, तितके त्यांच्यात हार्ट फेल्युअरचे आणि हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. दोन-तीन वर्षांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा ज्यांचा आकडा निम्म्याहून अधिक वाढला होता त्यांचा धोका वाढलेला दिसला आणि ज्यांचा तेवढाच उतरला होता त्यांचा कमी दिसला.

म्हणजे चुलीचा धूरही वर्षानुवर्षे आढ्याला काजळी धरवतोच. झटका नसला तरी हृदय हळूहळू झिजते आहे, याचा तो इशारा आहे. म्हणून अशा रुग्णाचा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन तपासावे, कार्डिओग्राम काढावा आणि शक्य तर एकदा हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यावी. कारण सापडले तर त्यावर उपाय असतो.

दिलासा देणारी गोष्टही याच अभ्यासातून पुढे आली. जी वृद्ध मंडळी शरीराने अधिक चालती-फिरती होती, त्यांचे आकडे पुढील काळात वाढण्याचे प्रमाण कमी होते, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. चालल्यामुळेच आकडा थांबला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत बरी, तेच अधिक चालतात असेही असू शकते. तरीपण डॉक्टरांना विचारून रोज झेपेल तेवढे चालण्यात कमावण्यासारखे पुष्कळ आहे.

बीएनपी : ताणलेल्या हृदयाची हाक

आता दुसरी तपासणी. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत एक द्रव्य सापडले, म्हणून त्याच्या नावात 'ब्रेन' म्हणजे मेंदू आला. पुढे समजले की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येते. कप्प्यांच्या भिंती रक्ताच्या दाबाने ताणल्या गेल्या की ते स्रवते आणि जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करते. गाडीत ओझे जास्त झाले की बैलाच्या तोंडाला फेस येतो, तसेच हे. हृदयावर बोजा वाढला की बीएनपी आणि त्याचा जोडीदार एनटी-प्रो-बीएनपी हे दोन्ही वाढतात.

आपल्याकडे "हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेला असे समजतात. वैद्यकात हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय थांबणे नव्हे. त्याचा पंप कमी पडतो, फुफ्फुसांत आणि पायांत पाणी साठते, आडवे झाल्यावर धाप लागते. पण म्हातारपणी धाप दम्यानेही लागते, रक्त कमी झाल्यानेही लागते. कारण निवडायला ही तपासणी उपयोगी पडते.

अचानक धाप लागलेल्या रुग्णात एनटी-प्रो-बीएनपी ३००च्या खाली असेल, तर ती धाप हार्ट फेल्युअरची असण्याची शक्यता फार कमी. निदान पक्के धरण्याची मर्यादा मात्र वयाप्रमाणे बदलते. पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंच्याहत्तर वयात ९००, आणि त्यापुढे १८००. पंचेचाळीस वर्षांच्या माणसात जो आकडा निदान पक्के करतो, तोच ऐंशी वर्षांच्या आजींमध्ये करत नाही. मूत्रपिंडाच्या विकारात व अनियमित नाडीत आकडा वाढतो. लठ्ठ माणसात तो फसवा कमी दिसतो.

हा आकडा दर महिन्याला काढून औषध बदलत राहावे का? अमेरिका व कॅनडातील गाइड-इट नावाच्या अभ्यासात हेच पडताळून पाहिले. नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा आकड्याच्या मागे लागून केलेले उपचार सरस ठरले नाहीत, असे २०१७ साली जाहीर झाले. तेव्हा निदानाच्या वेळी आणि तब्येतीत बदल झाल्यास ही तपासणी करावी. दर महिन्याचे पैसे औषधाला आणि फळभाजीला वापरावेत.

मोठ्या शहरात हलवायचे का?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो पैशापुरता नसतो. वडिलांसाठी आपण कमी पडलो, ही टोचणी त्यामागे असते. कार्डिओग्राममध्ये रक्तवाहिनी पूर्ण बंद असल्याची खूण असेल, तर वय न पाहता तातडीने हालचाल करावी. पण तशी खूण नसून ट्रोपोनिन चढलेले असेल, अशा छोट्या झटक्यात वृद्धांना थोडा विचार करण्यास वाव असतो.

ब्रिटनमध्ये पंच्याहत्तरी गाठलेल्या अशाच १,५१८ रुग्णांचा सीनियर-रिटा नावाचा अभ्यास झाला. सरासरी वय ८२. निम्म्यांना औषधे आणि अँजिओग्राफी, तिच्यात जरूर दिसल्यास पुढील इलाज. निम्म्यांना केवळ उत्तम औषधे. २०२४ साली निष्कर्ष आले. सुमारे चार वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे साधारण चारांत एक, राहिले. जीवघेणा नसलेला पुढचा झटका मात्र अँजिओग्राफीच्या गटात काहीसा कमी होता.

याचा अर्थ अँजिओग्राफी निरुपयोगी, असा घेऊ नये. ठणठणीत, स्वतःची कामे स्वतः करणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना ती लाभदायक ठरू शकते. छातीत वारंवार दुखत असेल, रक्तदाब ढासळत असेल, तर नेलेच पाहिजे. पण अंथरुणाला खिळलेल्या, मूत्रपिंडे थकलेल्या, जायची इच्छाच नसलेल्या आजींवर गावातच नीट औषधोपचार केले, तर मुलांनी कर्तव्यात कसूर केली असे होत नाही. आणि निर्णय घेताना ज्यांचे हृदय आहे, त्यांना एकदा विचारा. बहुतेक घरांत तेवढेच राहून जाते.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे

१) अचानक धाप, घाम, उलटी, भ्रम किंवा छातीत दडपण आले, तर रिपोर्टची वाट न पाहता १०८ला फोन करा आणि कार्डिओग्रामची सोय असलेल्या ठिकाणी जा.

२) ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका. डॉक्टरांना फोनवर विचारा. पोटातील अल्सर, रक्तस्राव किंवा ॲलर्जी असल्यास अवश्य सांगा.

३) ट्रोपोनिनचा दुसरा नमुना शक्यतो त्याच लॅबोरेटरीत द्या. 'टी' आणि 'आय'चे आकडे, तसेच वेगवेगळ्या यंत्रांवरील आकडे यांची तुलना करता येत नाही. मोजमापाचे एककही पाहा. लिटरमागे १४ नॅनोग्रॅम म्हणजेच मिलिलिटरमागे ०.०१४ नॅनोग्रॅम.

४) घरातील वृद्धांचा एक जुना कार्डिओग्राम आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट एका पिशवीत, चटकन सापडेल असा ठेवा. नव्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

५) हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे वजन रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी करा. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले, तर अंगात पाणी साठते आहे. डॉक्टरांना कळवा.

६) पापड, लोणचे, खारवलेली मासळी यांना आवर घाला. गुडघ्यांसाठी औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड आणि हृदय दोन्हींना घातक ठरतात.

७) कोणतीही तक्रार नसताना केवळ स्वस्त पॅकेजमध्ये आहे म्हणून ट्रोपोनिन करून घेऊ नका. त्याऐवजी रक्तदाब मोजा.

रक्ताची तपासणी डॉक्टरांना साक्षीदारासारखी असते. साक्षीदाराचे म्हणणे ऐकावे, पण तो किती वाजता आणि कोठे होता, हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. पुढच्या वेळी ठळक अक्षरातला आकडा दिसला, तर आधी खाटेवरच्या माणसाकडे पाहा, मग घड्याळाकडे आणि त्यानंतर कागदाकडे.